पांढऱ्या पट्ट्याचा मान

सीमाभागातल्या आमच्या वडगावच्या गल्ल्यांतून दिवेलागणीच्या सुमारास जो चालत जाईल, त्याच्या कानांवर दोन्ही अंगांच्या घरांतून यंत्रमागांचा अखंड खटखटाट पडत राहतो. पण ज्याचे सारे आयुष्य याच पेठेत गेले त्याला तो जाणवेनासा होतो, वीज जाऊन माग थांबले म्हणजेच काय ते जाणवते. गेल्या ज्येष्ठात आठ वर्षांच्या नातीचा हात धरून मी अशाच एका गल्लीतल्या सभागृहाच्या दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा त्या खटखटाटावर मात करणारा एक निराळाच घोष आतून ऐकू आला : "हाना! दुल! सेत! नेत!" वीस-पंचवीस मुलेमुली अनवाणी, ओळीने उभी राहून एका अपरिचित भाषेत अंक मोजीत होती आणि प्रत्येक अंकासरशी तितकेच पाय एकदम हवेत उठत होते. ती भाषा कोरियन होती आणि ती विद्या तायक्वांदो होती. नातीला वर्गात दाखल करावे आणि आपण बाहेरच्या बाकावर तासभर बसून राहावे, एवढाच माझा बेत होता; परंतु तेथील शिक्षिकेने, जी माझ्या धाकट्या मुलीहूनही वयाने लहान असेल, माझ्याकडे पाहून अगदी सहजपणे म्हटले, "आजी, बाहेर कशाला बसता? आत येऊन उभ्या राहा की." आणि वयाच्या ५६ व्या वर्षी, चपला दाराबाहेर काढून, ओढणी कमरेला घट्ट बांधून मी आत गेले.

त्या एका वाक्याविषयी मला आज लिहावयाचे आहे. कारण ते मी लहानपणी ऐकावयास हवे होते, आणि ज्या दाराशी ऐकावयास हवे होते ते दार माझ्या फार प्रेमाचे होते.

आमचे घर विणकराचे. वडील खड्डामागावर बसत, आई आणि आम्ही बहिणी रहाटावर कांड्या भरीत असू, आणि थोरला भाऊ पहाटे उठून तालमीत जाई. त्याच्यासाठी दुधाचा तांब्या घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे तालमीच्या उंबरठ्यापर्यंत मी रोज जात असे. हौद्यातली ती लाल माती, तीत मुरलेल्या तेलाचा, ताकाचा, हळदीचा आणि लिंबाचा मिळून झालेला गंध, कोनाड्यातला शेंदूर लावलेला मारुती, जोर मारणाऱ्या पोरांच्या श्वासांचा एकच एक ताल, हे सारे मला अजून डोळे मिटले तरी दिसते आणि ऐकू येते. एका सकाळी नकळत माझे पाऊल उंबरठ्याच्या आत पडले, तेव्हा वस्ताद मला रागे भरले नाहीत. त्यांनी अतिशय मायेने मला उचलले आणि बाहेर आणून ठेवले. त्यांचा त्यात काही अपराध होता असे मी मानीत नाही. जो शिरस्ता चालत आला होता तो त्यांनी पाळला. पण रागाने मिळालेला नकार मनुष्य विसरू शकतो, मायेने मिळालेला विसरू शकत नाही, कारण त्याविरुद्ध मनातल्या मनात भांडावयाचीही सोय उरत नाही.

या पार्श्वभूमीवर मला जो पहिला धडा मिळाला तो उभे राहण्याचा होता. तायक्वांदोच्या वर्गात उभे राहण्यालाही एक जाबता आहे. ज्याचा पट्टा वरच्या रंगाचा तो पुढच्या ओळीत, त्याच्यामागे क्रमाक्रमाने खालचे रंग, आणि सर्वांत शेवटी पांढरा. वय, जात, घराणे, हुद्दा यांपैकी कशाचाही या क्रमात मुलाहिजा ठेवला जात नाही. माझ्यापुढे उभी असलेली मुलगी नऊ वर्षांची होती, तिच्या कमरेला पिवळा पट्टा होता, आणि म्हणून त्या सभागृहात ती माझी ज्येष्ठ होती. तिचे घर कन्नड बोलणारे. शिक्षिका पहिली लाथ दाखवून पुढच्या ओळीकडे वळली, तोच माझा पाय गुडघ्यात न वाकता ताठच वर जातो आहे हे त्या मुलीच्या ध्यानात आले, आणि मागे वळून, माझ्या गुडघ्याला हात लावून ती म्हणाली, "अज्जी, मोणकालु मेले!" गुडघा वर, एवढाच त्याचा अर्थ. कन्नडातली अज्जी आणि मराठीतली आजी यांत कानाला अंतर ते कितीसे! शिकविण्याचा अधिकार त्या मुलीला तिच्या पट्ट्याने दिला होता, आणि तिच्याकडून शिकण्यात मला कमीपणा वाटू नये याची तजवीज माझ्या पट्ट्याच्या अभावाने केली होती.

ती लाथ म्हणजे 'आप चागी', समोरची लाथ. पाहणाऱ्याला ती एकच क्रिया वाटते, पण शिकविताना तिचे चार भाग पाडून शिकवितात : गुडघा वर उचलणे, तेथून पाय झटक्यासरशी समोर फेकणे, फेकलेला पाय तितक्याच त्वरेने मुडपून घेणे, आणि मग तो जमिनीवर ठेवणे. आघात करावयाचा तो बोटे मागे ओढून, पावलाच्या चवड्याने. नवख्याचे सारे लक्ष दुसऱ्या भागावर खिळते; शिक्षिकेचा सारा कटाक्ष मात्र तिसऱ्यावर होता, कारण फेकलेला पाय ज्याला वेळेवर परत घेता येत नाही त्याचा तोल तरी जातो, नाहीतर पाय समोरच्याच्या हाती सापडतो. हे ऐकताना मला वडिलांची पावले आठवली. खड्ड्यात पाय सोडून ते मागावर बसत तेव्हा त्यांचे हात आम्हांला दिसत, पाय दिसत नसत. पण कापड विणले जाई ते त्या न दिसणाऱ्या पायांच्या हुशारीवर. पावडी दाबण्याला जितके महत्त्व तितकेच ती सोडण्याला, कारण एक पावडी वेळेवर सुटली नाही तर दुसरीच्या वेळी ताण्याच्या धाग्यांमधली फट नीट उघडत नाही आणि धोटा अडकतो. चवड्याला असे काही शहाणपण असते हे मी जन्मापासून पाहत आले होते. ते माझ्याही पायांत येऊ शकते हे मला त्या संध्याकाळी प्रथम कळले.

दुसरा अनुभव आवाजाचा. लाथेबरोबर किंवा ठोशाबरोबर पोटाच्या तळातून जी आरोळी द्यावयाची तिला 'किहाप' म्हणतात. मागांच्या गल्लीत वाढलेली आम्ही माणसे मोठ्यानेच बोलतो, त्याशिवाय एकाचे दुसऱ्याला ऐकूच जात नाही. तरीही मी आजवर जे मोठ्याने बोलले ते नेहमी दुसऱ्या कोणासाठी होते, मुलांना हाक मारण्यासाठी, जेवणाची वेळ झाली हे मागावर सांगण्यासाठी. स्वतःच्या बळाची ग्वाही देण्यासाठी, चारचौघांत, पूर्ण छाती भरून ओरडण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. पहिल्या दोन वेळा माझा आवाज घशातच विरला. तिसऱ्या वेळी तो निघाला, आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नातीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तिच्या त्या पाहण्यात आश्चर्य होते आणि त्याहून अधिक समाधान होते. आपल्या आजीला असा आवाज आहे हे तिला आठव्या वर्षी कळले, याचे मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

आता या विद्येविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण बाहेरून आलेल्या गोष्टीचा आदर किंवा अनादर करण्यापूर्वी तिची कैफियत ऐकून घेणे हे न्यायाचे लक्षण आहे. कोरिया देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. १९५३ मध्ये तेथील युद्ध थांबल्यानंतर युद्धकैद्यांच्या प्रश्नाचा निवाडा करण्यासाठी जे तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले त्याचे अध्यक्ष कोडगूचे जनरल तिमय्या होते, आणि कैद्यांचा ताबा सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मराठी सेनानी शंकरराव थोरात यांच्याकडे होते. त्या देशावर १९१० पासून १९४५ पर्यंत जपानची सत्ता होती. त्या सत्तेच्या अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली आणि लोकांना आपली नावेसुद्धा जपानी धाटणीची करून घ्यावी लागली. स्वातंत्र्याच्या आसपास सोल शहरात युद्धविद्येच्या ज्या शाळा निघाल्या, ज्यांना ते 'क्वान' म्हणतात, त्यांच्या गुरूंपैकी अनेकजण जपानात कराटे शिकून आलेले होते. त्यांच्यापुढे 'तेक्क्योन' या आपल्या जुन्या पदलाघवाच्या खेळाची स्मृती होती, राजा जोंगजोच्या आज्ञेने १७९० मध्ये सिद्ध झालेला युद्धकलेचा सचित्र ग्रंथ होता, आणि हातात परक्या सत्तेकडून शिकलेले तंत्र होते. या सर्वांचे मीलन होऊन जी विद्या घडली तिला ११ एप्रिल १९५५ रोजी 'तायक्वांदो' हे नाव मुक्रर झाले. ते सुचविणारे जनरल चोई होंग ही यांचे स्वतःचे शिक्षणही जपानात झाले होते. ताए म्हणजे पाय, क्वोन म्हणजे मूठ आणि दो म्हणजे मार्ग.

एवढ्यावर तिचा इतिहास थांबला असता तर ती एका शहरापुरती राहिली असती. पण कोरियन लोकांनी पुढे जे केले ते विशेष मननीय आहे. निरनिराळ्या क्वानांत आपसांत तीव्र मतभेद असताही त्यांनी अभ्यासक्रम एक केला, पायऱ्या ठरविल्या, १९७२ मध्ये सोलला 'कुक्कीवोन' ही मध्यवर्ती संस्था उभारली, आणि काळ्या पट्ट्याची सनद मिळविणाऱ्याची नोंद एका दफ्तरात ठेवण्याचा शिरस्ता घातला. १९७३ मध्ये जागतिक संघटना स्थापन झाली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून आला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला. आज दोनशेहून अधिक देशांतील राष्ट्रीय संघटना त्या जागतिक संघटनेच्या सदस्य आहेत. ज्या भाषेला शाळेच्या दारातून बाहेर काढले गेले होते, त्या भाषेत आज वडगावातल्या मुली एक ते दहा मोजतात. हे कोणत्याही फर्मानाने घडलेले नाही. नवख्या माणसाला दारात उभे राहता येईल अशी पायरी त्यांनी बांधली, आणि ती आपल्या भाषेच्या दगडाची बांधली.

त्या पायरीची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. काळ्या पट्ट्यापूर्वी दहा श्रेणी असतात; पांढऱ्यापासून आरंभ होऊन पिवळा, हिरवा, निळा, लाल असे रंग चढत जातात. प्रत्येक श्रेणीला काय आले पाहिजे ते लिहिलेले असते. त्यात 'पूमसे' म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका असते. प्रारंभीच्या आठ मालिका आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, जल, पर्वत आणि पृथ्वी या आठ तत्त्वांच्या नावाने बांधलेल्या आहेत. त्यांतली पहिली, 'तेगुक इल जांग', अठरा टप्प्यांची आहे, आणि तिच्यातली बहुतेक पावले आपण रस्त्याने चालताना टाकतो तेवढ्याच अंतराची असतात. ज्यांनी ही मालिका रचली त्यांच्या मनात नवख्याविषयी केवढी करुणा असेल! पहिल्या दिवशी ज्याला काहीच येत नाही, त्याला चालणे तरी येते. म्हणून विद्येचा आरंभ चालण्यापासून करावयाचा. बरे, ही पट्ट्यांची आणि श्रेणींची पद्धतही कोरियाची मूळची नव्हे. ती जपानच्या जुदोतून आली, जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात 'दान' श्रेणी देण्यास प्रारंभ केला तेथून. ज्या जपानने आपले राज्य गिळले त्याच्याकडूनही एक चांगली पद्धत घेण्यात कोरियन लोकांनी अपमान मानला नाही.

आपल्या तालमींनी नेमके हेच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. तालमीपेक्षा ही परदेशी विद्या श्रेष्ठ आहे, असे मी म्हणत नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात रंगलेल्या कुस्त्या पाहून आलेली माणसे आठ आठ दिवस घरोघर त्यांचेच वर्णन करीत, अशा घरांत मी वाढले आहे. १९१२ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान उभारले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, त्या परंपरेचे ऋण या सीमाभागातल्या प्रत्येक घरावर आहे. परंतु तालमीची रचना उत्तम मल्ल निवडण्यासाठी झालेली आहे. वस्ताद पाहतो, पारखतो, आणि ज्याच्या अंगात गुण दिसेल त्याच्यावर आपली विद्या ओततो. जो मल्ल होणार नाही, जो पन्नाशीचा आहे, जी मुलगी आहे, त्यांच्यासाठी तेथे पहिली पायरी बांधलेली नाही. आणि विद्या वस्तादाच्या मस्तकात असल्यामुळे, तो गेला की तिचा बराचसा भाग त्याच्याबरोबर जातो.

विद्या लिहून ठेवण्याचे काम आपल्याकडे कोणी केलेच नाही, असेही नाही. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. त्याच बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराच्या प्रोफेसर माणिकरावांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसवून तिचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत आणले. आज तायक्वांदोच्या वर्गात 'चारयोत' म्हणताच मुले ताठ उभी राहतात, त्याच्या मागचा विचार माणिकरावांनी आपल्यासाठी कित्येक वर्षांपूर्वीच केला होता. आणि जेथे आपण नियम लिहिले, पायऱ्या बांधल्या व दार उघडले, तेथे यशही आले. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास लिहून काढले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि तीत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने प्रचारात आणलेला मल्लखांब आज दोरीवर मुली किती डौलाने करतात ते आपण पाहतोच.

मुलींच्या बाबतीत तर आकडेच बोलतात. आधुनिक ऑलिंपिकमध्ये कुस्ती १८९६ पासून आहे. स्त्रियांची कुस्ती तीत २००४ मध्ये आली. तायक्वांदो ज्या वर्षी पदकांसाठी प्रथम खेळला गेला, त्याच २००० साली आठ गटांपैकी चार स्त्रियांचे होते. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून दिली जाते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीला भरली ती २०२३ मध्ये. बासष्ट वर्षे! त्या बासष्ट वर्षांत किती मुली दुधाचे तांबे घेऊन किती उंबरठ्यांपर्यंत गेल्या असतील, आणि त्यांच्यातली एखादी खाशाबांच्या तोलाची असेलही, हे कोण सांगणार? हाताला जन्मजात वैगुण्य असलेली हरियाणाची अरुणा तंवर टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदो खेळण्यास उतरली, ती या खेळात तेथवर पोहोचलेली पहिली भारतीय होय. कोणीतरी तिला पहिल्या दिवशी दारातून परत पाठविले नाही, म्हणून ती तेथवर गेली.

या मतावर जे आक्षेप येतील त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला असा की हा स्वसंरक्षणाच्या नावाखाली चाललेला व्यापार आहे, दर परीक्षेला शुल्क आहे आणि रंगीत पट्टा हाती देऊन आईबापांना खूश करण्याचा प्रकार आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. जेथे दर दोन-तीन महिन्यांनी न चुकता पट्टा मिळतो तेथे पट्ट्याचा अर्थ उरत नाही, आणि संघटनांच्या आपसांतल्या भांडणांत खेळाडूंची परवड झाल्याची उदाहरणे आपल्या देशातही आहेत. म्हणून पालकांनी शिक्षकाची सनद कोणत्या संस्थेची आहे याची खातरजमा करावी, आणि तीन महिने शिकलेली मुलगी कोणत्याही हल्लेखोराला लोळवील असे जो शिक्षक सांगेल त्याच्याकडे मुलीला पाठवू नये. मुलीला या शिक्षणातून जे मिळते ते निराळे आहे : ताठ उभे राहण्याची सवय, पडले तरी उठता येते हा विश्वास, आणि योग्य क्षणी घशाबाहेर येणारा आवाज. माझ्या वयाच्या बायकांनी आधी डॉक्टरांना गुडघे आणि रक्तदाब दाखवावेत, आणि पहिले कित्येक दिवस कमरेच्या वर लाथ नेण्याचा हट्ट धरू नये, हेही मी अनुभवाने सांगते.

दुसरा आक्षेप अस्मितेचा आहे, आणि आपल्या सीमाभागात त्याला फार हळुवारपणे हात लावावा लागतो. आपल्या मुलांनी परक्या भाषेत हुकूम का घ्यावेत, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले. ज्या गावाने दुकानाच्या फलकापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक अक्षरासाठी झगडा दिला, त्या गावातल्या माणसाने हा प्रश्न विचारावा हे स्वाभाविक आहे, आणि मराठीवर माझे प्रेम त्यांच्याहून तसूभरही कमी नाही. तथापि त्या सभागृहात जे मी रोज पाहते ते सांगितलेच पाहिजे. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले एकाच ओळीत उभी असतात. हुकमाची भाषा त्यांच्यापैकी कोणाचीच नसल्यामुळे कोणाला ती जन्मतः येत नाही आणि कोणाला ती लादली गेल्यासारखी वाटत नाही. सर्वजण तिच्यात सारखेच नवखे. आणि तास संपला की हीच मुले चपला शोधताना एकमेकांशी एकमेकांच्या भाषांत बोलतात. माझ्या नातीला दोन महिन्यांत जितके कन्नड आले तितके शाळेत दोन वर्षांत आले नव्हते, आणि त्या पिवळ्या पट्ट्याच्या मुलीने तिच्याकडून मराठीतला 'चवडा' हा शब्द घेतला आहे. सीमेविषयी कोरियाचाच एक दाखला देते. कोरियन कुस्ती 'सिरम' ही वाळूत खेळतात, आपली मातीत. २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत तिची नोंद झाली ती उत्तर व दक्षिण कोरियाच्या संयुक्त नावाने. सीमेच्या दोन बाजूंना बंदुका रोखून उभी असलेली दोन राज्ये एका कुस्तीच्या खेळासाठी एकत्र येऊ शकली, हे सीमेवर राहणाऱ्या आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भाषेलाही मी हाच नियम लावीन. जी भाषा नवख्याच्या पहिल्या चुकलेल्या वाक्याचा मान राखते तिच्याकडे माणसे येतात. आपल्या गल्लीत नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबाला मराठीचा पांढरा पट्टा आपण कधी बांधला आहे का, याचा आपण प्रत्येकाने आपापल्या मनाशी जाब घ्यावा. नवे माणूस आत आले की घर मोठे होते. जुन्या विद्येचे आणि जुन्या भाषेचे रक्षण पहाऱ्याने थोडे होते आणि शिकविण्याने अधिक होते, अशी माझी खात्री झाली आहे.

दुसऱ्या आठवड्यात मला माझा पट्टा मिळाला. तो कमरेभोवती दोनदा गुंडाळून पुढे गाठ मारावयाची आणि दोन्ही टोके सारख्या लांबीची आली आहेत ना ते पाहावयाचे. माझी टोके लहानमोठी झाली होती. त्या कन्नड मुलीने गाठ सोडून पुन्हा बांधून दिली. सुताचे कापड ओळखणारे माझे हात त्या पांढऱ्या, जाड, शिलाईच्या पट्टीवरून बराच वेळ फिरत राहिले. आमच्या घरातून आजवर शेकडो साड्या विणून बाहेर गेल्या. पण माझ्या कमरेला माझ्या स्वतःच्या शिकण्याची खूण म्हणून बांधले गेलेले हे पहिलेच वस्त्र.

म्हणून वडगाव, शहापूर, आमच्याकडचे खासबाग आणि निपाणीपर्यंतच्या सर्व तालमींच्या पंचांना व वस्तादांना माझी हात जोडून विनंती आहे. आषाढात मंगाईदेवीची यात्रा झाली की आपल्या तालमीत संध्याकाळचे दोन तास मुलींसाठी आणि वयस्कांसाठी राखून ठेवावेत. पहिल्या महिन्यात काय शिकवावयाचे, सहाव्या महिन्यात काय आले पाहिजे, हे एका कागदावर लिहून ते मारुतीच्या कोनाड्याशेजारी सर्वांना वाचता येईल असे लावावे. दंड, बैठक, जोर, लाठी, आणि ज्यांना झेपेल त्यांना कुस्ती. प्रत्येक पायरीला एक साधे नाव द्यावे. स्त्रियांना शिकविण्यास स्त्री शिक्षिका मिळत नसेल तर दोन मुलींना प्रथम तयार करावे, चार वर्षांत त्या शिकवू लागतील. लोकप्रतिनिधींनी आणि महानगरपालिकेने यासाठी नव्या इमारती बांधण्याची गरज नाही. रिकामी सभागृहे, विजेचा दिवा आणि स्वच्छतागृह एवढे दिले तरी पुष्कळ झाले. हजेरीपट ठेवावा, आणि त्यातल्या पहिल्या ओळीवर नाव लिहिण्यासाठी दारात जी कोणी मुलगी दुधाचा तांब्या घेऊन उभी असेल, तिला आत बोलवावे.